किन्झर्सची यंत्रजत्रा

फिलाडेल्फियाहून पश्चिमेला लिंकन हायवेने निघाले, की शहराची गर्दी हळूहळू मागे पडते आणि पेनसिल्व्हानियातील लँकेस्टर परगण्याची शेते लागतात. मक्याची उंच ताटे, पांढरी कोठारे आणि रस्त्याच्या कडेने घोडागाडी हाकणारे आमिश शेतकरी! याच रस्त्यावर किन्झर्स हे लहानसे गाव आहे. एरवी प्रवासी तिथे थांबायचा नाही. पण ऑगस्टमध्ये मळणीवाल्यांचा मेळा भरतो, तेव्हा वाफेच्या शिट्ट्या त्याला दुरूनच बोलावतात. जुनी यंत्रे सांभाळणाऱ्या शौकिनांची ‘रफ अँड टंबल’ ही संस्था इथे १९४८ साली सुरू झाली.

वाफेच्या अजस्र इंजिनांभोवती गर्दी असतेच. खरी मौज मात्र लहान पेट्रोल इंजिनांच्या रांगेत आहे. एकदा ‘धाड्’ असा बार होतो, मग नुसतेच चार-पाच सुस्कारे, पुन्हा बार. इंजिन बिघडलेले नसते. वेग ठरल्यापेक्षा वाढला, की त्याचा नियंत्रक धूर सोडणारी झडप उघडीच धरतो आणि इंधन वाचते. वेग उतरला, की पुढचा बार. असल्या इंजिनाच्या चाकावर पट्टा चढवून शेतकरी पाणी उपसत, करवत चालवत आणि हिवाळ्यासाठी ओंडकेही फोडत.

इथला हिवाळा कडक. जळाऊ लाकूड ‘कॉर्ड’ने मोजतात. एक कॉर्ड म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब असा रचलेला ढीग. तेवढे कुऱ्हाडीने फोडायचे, तर खांदे भरून येणारच. म्हणून लाकूड फोडणारे यंत्र आले. पुढे पट्ट्याची जागा तेलाच्या दाबाने घेतली. पंप तेल ढकलतो, तेल दट्ट्याला आणि दट्ट्या ओंडक्याला पाचरीवर. पंपातही युक्ती आहे : आधी भरपूर तेल कमी दाबाने, म्हणजे दट्ट्या झपकन पुढे येतो. गाठ आडवी आली, की थोडे तेल प्रचंड दाबाने.

कोठारात वर्षानुवर्षे पडलेले असे यंत्र जागे करणे हे घाईचे काम नव्हे. टाकीतले तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. ते सगळे काढून टाकावे. जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरमधून धुवावा. कडक झालेली सीले बदलावीत. पाचर वस्तऱ्यासारखी धारदार नको. ती लाकूड कापत नाही, रेषेने उकलते. कानशीने खाचा काढल्या की पुरे. मात्र नळीतली गळती बोटाने चाचपू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाखालचे तेल कातडीत घुसते आणि बोट गमवावे लागू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावा.

जुन्या इंजिनाचा खरा वैरी गंज नव्हे, पाणी. गार ठेवण्यासाठी त्याच्या हौदात ओतलेले पाणी हिवाळ्याआधी काढायचे राहिले, तर बर्फ फुगून बिडाचा सांगाडा तडकतो. तो भाग आता कुठे मिळणार? जवळच्या न्यू हॉलंड गावात १८९५ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याने यावर छान तोड काढली होती. हौद वर रुंद, खाली निमुळता. बर्फ वरच्या बाजूला सरकतो आणि बीड वाचते.

काही हौशी मंडळी यंत्राला असा चकचकीत रंग देतात, की ते कालच आणल्यासारखे वाटते. त्यापेक्षा मूळचा फिकट रंग तेलाच्या बोळ्याने पुसून राखलेला बरा. हातांनी झिजलेली मूठ रंगाखाली का लपवावी?

मेळ्याला मुले सोबत असतील, तर फिरत्या पट्ट्यापासून त्यांना लांब धरावे. आमिश लोकांचे चेहरे छायाचित्रात टिपू नयेत. त्यांना ते रुचत नाही. आणि दिवस हाताशी असेल, तर जवळच्या स्ट्रासबर्गला जावे. १८३२ ची सनद असलेल्या तिथल्या रेल्वेवर आजही वाफेचे इंजिन शेतांमधून गाडी ओढते.