केंटचा कुत्रा

स्टॅफर्डशरचे जुने मातीचे प्राणी जमवणाऱ्यांत सोवळं-ओवळं फार, आणि मी त्यांतल्या कडक मंडळींपैकी. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, साच्यात माती दाबून घडवलेला कुत्रा तो अस्सल. विसाव्या शतकातला तो ‘रिप्रो’, म्हणजे नक्कल, त्याला कपाटात जागा नाही. चहाच्या टेबलावर तावातावाने मांडलेलं हे मत मी आता सोडलं आहे. काही जुन्या मित्रांना ते रुचलेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नवऱ्याच्या हॉस्पिटलातल्या नोकरीमुळे आम्ही स्टोक-ऑन-ट्रेंटला आलो. टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावं 1910 साली एकत्र झाली, त्यांचं हे शहर. धंदा सगळ्यांचा एकच, मातीचा. कोळसा इथलाच, पांढरी माती कॉर्नवॉल-डेव्हनहून यायची. नामवंत कुंभार वेजवुडही बर्स्लेमचा. पण मला ओढ लागली ती त्याच्या खानदानी निळ्या-पांढऱ्या मालाची नव्हे, तर गल्लीबोळातल्या लहान कारखान्यांतून निघालेल्या स्वस्त प्राण्यांची. साध्या घरांतूनही शेकोटीवरच्या फळीच्या दोन टोकांना दोन स्पॅनियल समोरासमोर बसवायची पद्धत होती. गळ्यात सोनेरी साखळी, तिला इवलंसं कुलूप. व्हिक्टोरियाचा लाडका डॅश याच जातीचा.

या मालावर करणाऱ्याचं नाव बहुधा नसतंच, म्हणून ओळख पटवायची ती कुत्रा उलटा करून. जुना असेल तर मातीची पोळी साच्याच्या दोन अर्ध्या भागांत बोटांनी दाबलेली, मग ते भाग जोडून बूड बंद केलेलं, आणि भट्टीत आतली गरम हवा बाहेर पडावी म्हणून एक बारीक छिद्र ठेवलेलं. पेणला शाडूचा गणपती साच्यातून निघताना ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगायला नको. दुसरी, पुढच्या काळात रुळलेली पद्धत ओतकामाची. पातळ कालवलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतायची, प्लास्टर पाणी शोषून घेतं, कडेला थर धरतो, उरलेली माती ओतून टाकायची. असा कुत्रा वजनाला हलका, बुडाला मोठं भोक, आणि आत बोट घातलं की बाहेरच्या प्रत्येक उंचवट्याचा खळगा हाताला लागतो. सोन्याचीही पारख असते. जुनं सोनं मधासारखं मंद, घासून चमक आणलेलं, कडांना झिजलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी-शेवटी आलेलं ‘ब्राइट गोल्ड’ आरशासारखं लखलखतं. बुडावर ‘इंग्लंड’ छापलेलं असेल तर माल बहुधा 1891 नंतरचा, कारण परदेशी मालावर देशाचं नाव हवंच, असं अमेरिकेच्या 1890च्या मॅकिन्ले कायद्याने ठरवलं. एवढं पाठ झालं की माणूस लिलावघरात भाव खाऊ लागतो. मीही खाल्ला.

एक गोष्ट मात्र तेव्हाही टोचायची. ज्याला आम्ही अस्सल म्हणायचो, त्यात अस्सल किती? छापील चित्रं समोर ठेवून हे कारागीर प्राणी घडवत आणि एकमेकांचे नमुने बिनदिक्कत उचलत. स्टॅफर्डशरचा झेब्रा नीट पाहा. तो घोडाच असतो, अंगावर पट्टे ओढलेला. खऱ्या झेब्र्याची आयाळ ताठ उभी असते, याची मानेवर छान रुळते. आणि तो प्रसिद्ध वाघ, ‘डेथ ऑफ मन्रो’. डिसेंबर 1792 मध्ये बंगालच्या सागर बेटावर शिकारीला गेलेल्या तरुण मन्रोला वाघाने उचललं. बक्सारची लढाई जिंकणाऱ्या जनरल हेक्टर मन्रोचा हा मुलगा. पुढे कुणा कारागिराने त्याचं डोकं वाघाच्या जबड्यात देऊन दिवाणखान्यात ठेवायची शोभेची वस्तू केली! इंग्रजांच्या आवडीनिवडीबद्दल मला बोलायचं नाही, पण अशा वस्तूंना विक्रेते बेधडक ओबाडाया शेरॅट या कारागिराचं नाव लावतात, आणि सही शोधायला जावं तर ती नसते.

माझं मत फिरवलं ते शेजारच्या बाईंनी. तरुणपणी त्या बर्स्लेमच्या एका कारखान्यात ‘पेंट्रेस’ होत्या, म्हणजे रंग भरणाऱ्या. लिलावात एका खोक्यातून नको असताना आलेला विल्यम केंटच्या कारखान्याचा कुत्रा मी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवला होता. बाई तो घेऊनच बाहेर आल्या. आम्ही करतो तसा त्यांनी तो उलटा केला नाही, तोंडाकडे पाहिलं. “मिश्या घाईत ओढल्यात, डक,” त्या इथल्या लाडाच्या शब्दात म्हणाल्या. “शुक्रवारचा असणार.” मग कपाटातला माझा मानाचा जुना कुत्रा हातात घेऊन म्हणाल्या, “हिचा हात चांगला होता.” मी दोन्ही कुत्रे उजेडात धरले. मिशीची रेघ नाकापासून बाहेर जाते, शेवटी कुंचला उचललेला असतो म्हणून टोकाला निमुळती होत विरते. दोघांच्याही मिश्या तशाच. मधे इतक्या वर्षांचं अंतर, पण ओढ तीच.

केंटच्या कारखान्यात हे पुतळे 1962 पर्यंत निघत होते, जुन्याच नमुन्यांवरून, उघडपणे. लाँगटनच्या सॅम्सन स्मिथ कारखान्यात 1948 साली जुने साचे सापडले, तेव्हा त्यांतूनही पुन्हा माल काढला गेला. साचा तोच, गाव तेच, मग माल नकली कुठल्या तारखेपासून धरायचा? ती तारीख कारागिरांनी नव्हे, विक्रेत्यांनी आणि आमच्यासारख्यांनी ठरवली. ज्या काळाला आम्ही सोनेरी म्हणायचो त्या काळात इथे काय चाललं होतं, ते 1841च्या सॅम्युअल स्क्रिव्हनच्या सरकारी अहवालात आहे: लहान-लहान मुलं दिवसभर राबत होती. भट्टीतून नग चांगला निघाला तरच मजुरी द्यायची, असाही रिवाज होता. केंटचा शुक्रवारचा कुत्रा त्या मानाने बऱ्या घरचा.

म्हणून सगळं चालतं असं नाही. अंगभर सारख्याच ठळक चिरा पाडून, त्यांत चहाचं पाणी मुरवून जो ‘व्हिक्टोरियन’ म्हणून गळ्यात मारला जातो, त्याला मी आजही लबाडीच म्हणते. मंद सोन्याचा मोहही सुटलेला नाही. पण केंटचा कुत्रा आता कपाटात आहे, खाली स्वच्छ चिठ्ठी आहे: बर्स्लेम, विसावं शतक.

बाजारात असा कुत्रा दिसला आणि विकणारा सरळ ‘केंटचा आहे’ म्हणाला, तर नाक मुरडू नका, आवडला तर घ्या. ‘शंभर-दीडशे वर्षांचा तरी असेल’ म्हणाला, तर आधी उलटा करून बघा.