आधी डोंगरावरून, मग किनाऱ्यावरून

घाटावरच्या आमच्यासारख्या माणसांना पाणी ठाऊक असतं ते विहिरीचं आणि नदीचं. शिरूरची घोड भीमेला मिळते, भीमा दौंडवरून उजनीच्या धरणात जाते, पुढे कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी अरबी समुद्राच्या इतक्या जवळून निघते आणि त्याच्याकडे पाठ करून चालू लागते. आमच्या घरांनीही पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला सगळे पुरुष शिकले, पण समुद्र पाहिला तो मुंबईला कुणाकडे लग्नाला गेलो तर चौपाटीवर उभं राहून, तेवढाच.

त्यात 2016 साल आलं. 1 फेब्रुवारीला मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेले पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. आमच्या ओळखीचं त्यांत कुणी नव्हतं, तरी बातम्यांत नावं ऐकताना ती आपल्याच मोहल्ल्यातली वाटत होती. तेव्हापासून शिरूरचं आमचं घर असो की दौंडला आपांचं, शाळेच्या सहलीच्या कागदावर कोकणातलं गाव दिसलं की सही होत नसे. मुलग्यांना पुढे हळूहळू सूट मिळाली, मुलींना मिळाली नाही. हेही सांगायला हवं.

आता आपांची मुलगी बारावीला आहे. भिगवणचा मासळी बाजार लहानपणापासून पाहिलेली ही पोर म्हणते, मत्स्यविज्ञानच शिकायचं. त्याची महाविद्यालयं उदगीरला आणि नागपूरलाही आहेत, पण तिचं मन रत्नागिरीवर. दुल्हाभाईंचं म्हणणं सरळ होतं: उदगीरला समुद्र नाही, तेव्हा उदगीर. ती हट्टाला पेटली नाही. "अब्बा, एकदा बघून तर या. मग नाही म्हणा," एवढंच म्हणाली.

म्हणून नाताळच्या सुट्टीत दोन घरांतली आम्ही अकरा माणसं पुण्यात एकत्र आलो आणि खोपोली, पेण, अलिबागवरून रेवदंड्याला मुक्कामी पोहोचलो. किनाऱ्यावर थेट न जाता आधी कोर्लईच्या किल्ल्यावर चढायचं, हा भाचीचाच बेत. तिथून समुद्र वरून दिसतो, म्हणाली.

रात्री मुक्कामाच्या घरच्या कोळी मामांनी दुल्हाभाईंना एक हिशोब सांगितला आणि आमच्या मते सहलीचं अर्धं काम तिथेच झालं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारीही आणि रात्रीही. अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण-एक तास उशिरा. दुल्हाभाईंची उभी नोकरी रेल्वेत गेलेली. ते म्हणाले, "म्हणजे याचंही वेळापत्रक आहे!" मामा म्हणाले, "आहे, आणि तुमच्या गाडीसारखी लेट होत नाही." दौंड जंक्शनच्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

मग आमच्या लक्षात आलं की हे पंचांग आपल्या घरातही आहे. आपल्या चांदच्या तारखा तिथीच्या एखाद-दोन दिवस मागे चालतात. रविवारी रजबची सात तारीख होती आणि पंचांगात अष्टमी. अष्टमीच्या सुमाराला समुद्राला भांगाची भरती, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाण. दादी दर महिन्याला तेरा, चौदा, पंधरा तारखेचे रोजे ठेवतात. "म्हणजे माझे रोजे असतात तेव्हा समुद्र भरलेला," असं त्या परतेपर्यंत प्रत्येकाला सांगत होत्या.

सकाळी खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईत आलो. घराघरावर नाताळच्या चांदण्या लटकलेल्या. इथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज मिसळलेली वेगळीच बोली बोलतात. दुकानात दोन बायका तिच्यात बोलत होत्या आणि आमच्याशी लगेच चोख मराठीत. गावाबाहेर दीपगृहापर्यंत गाडी जाते. तिथून पायऱ्या. दादी आणि चाची दीपगृहापाशीच थांबल्या.

डोंगर शंभर मीटरही उंच नाही, पण समुद्रात घुसलेली अरुंद सोंड आहे ती. डावीकडे उघडा समुद्र, उजवीकडे कुंडलिकेची खाडी, पलीकडे रेवदंड्याचा कोट. धारेवर आडव्या भिंती घालून किल्ल्याचे भाग पाडले आहेत. एका दरवाजातून दुसऱ्यात जात राहायचं. माथ्यावर पडक्या चर्चच्या भिंती आणि पाण्याचं टाकं. 1594 मध्ये या खडकावर तटबंदी उभी करत होता तो अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा, आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी ती हिसकावली. शिरूरहून नगर तासाभराच्या वाटेवर. आपल्याकडच्या सुलतानांचा समुद्राकडचा दरवाजा या चौलला होता, हे आम्हाला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्याही कितीतरी आधी, हिजरी 304 च्या सुमाराला, बगदादचा मसूदी या चौलला येऊन गेला आणि इथल्या मुसलमान वस्तीबद्दल लिहून गेला. समुद्राकडे पाठ आमची होती, सगळ्यांची नव्हती.

जुहरची नमाज माथ्यावरच झाली, प्रवासातली, दोन रकात. किब्ल्याकडे तोंड केलं तर समोर भिंत नाही, झाड नाही, फक्त पाणी. दुल्हाभाई सलाम फिरवल्यावरही बराच वेळ तसेच बसून राहिले.

मग भाचीने त्यांना दक्षिणेला, गावाच्या बाजूचा वाळूचा किनारा दाखवला. लाटा रांगेने येऊन पांढऱ्या फुटत होत्या, पण मध्ये एका पट्ट्यात फेस नव्हता. तिथलं पाणी गडद आणि शांत. "अब्बा, पोहायला उतरायचं तर कुठे उतराल?" त्यांनी अर्थातच शांत पट्टा दाखवला. आम्हीही सगळ्यांनी तोच दाखवला असता. विहिरीत शिकलेल्या माणसाला शांत पाणी म्हणजे चांगलं पाणी. ती म्हणाली, मरण तिथेच असतं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूत जिथे खोलगट चर असेल तिथून ते जोराने समुद्राकडे निघतं. चर खोल असल्याने तिथे लाट फुटत नाही, म्हणून ते शांत दिसतं. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. लोक सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतात आणि थकून बुडतात. त्या वेळी किनाऱ्याला समांतर पोहायचं, पट्ट्याच्या बाहेर पडायचं. ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा. हे तिने पुस्तकातून आणि मोबाइलवर पाहून शिकलेलं. किनाऱ्यावर उभं राहून हा पट्टा ओळखणं अवघड जातं, वरून तो शाळेच्या नकाशासारखा दिसत होता.

दुल्हाभाईंनी विचारलं, "हे त्या मुलांना कुणी सांगितलं असतं तर?" कुणी उत्तर दिलं नाही.

उत्तरेच्या टोकाकडे उतरलो. डोंगर तिथे जवळजवळ पाण्यात संपतो. खालच्या तटावर खडकांवर आपटलेल्या लाटेचे शिंतोडे आले, तेव्हा धाकट्या मुलांना हाताला धरून मागे घेतलं. उन्हात उलटं चढून येणं मात्र जिवावर आलं. पाणी जास्त न्या, वाटेत दुकान नाही.

दुपारनंतर काशीदला गेलो. सुरूची झाडं, पांढरी वाळू, घोडागाड्या आणि गर्दी. भरती चढत होती. आधी जीवरक्षकाला विचारलं, मगच उतरलो आणि तेही गुडघ्यापर्यंत. बायकांनी बुरखे काढून दादींजवळ ठेवले, कारण भिजलेलं कापड किती जड होतं ते घोडच्या घाटावर कपडे धुणाऱ्या आम्हा बायकांना कुणी शिकवायला नको. दुल्हाभाई मुलीच्या शेजारी उभे होते. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेत होती. त्यांनी तिचं मनगट धरलं होतं. पाच-सहा लाटांनंतर सोडलं.

दौंडला परतल्यावर महाविद्यालयांच्या पसंतीची यादी करायला बसले, तेव्हा त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. दोन्ही नावं लिही म्हणाले, उदगीर आणि रत्नागिरी, वर कुठलं ते तू ठरव. मात्र रत्नागिरीला दर महिन्याला एकदा येऊन पाहणार. कोणत्या तिथीला यायचं, तेही त्यांनी काढून ठेवलं आहे.