पाय घालवला कुणी?

‘कलमांची जंत्री नको,’ असं संपादकांनी बजावलं आहे. वकिलाला ते कितपत जमतं ते बघू. पाय गमावलेल्या रुग्णाच्या घरच्यांचा सगळा राग पाय कापणाऱ्या सर्जनवर असतो. तो बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर असतो, कारण सडलेला पाय कापून सर्जनने जीव वाचवलेला असतो. हयगय शोधायची ती आधीच्या रात्रीत, आणि पुष्कळदा दुसऱ्याच दवाखान्यात. नडगीचं हाड मोडलं की पोटरीचे स्नायू सुजतात. त्यांच्यावरचं वेष्टण ताणलं जात नाही, त्यात वरून घट्ट प्लास्टर. आतला दाब वाढून बारीक रक्तवाहिन्या मिटल्या, की साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात. पावलावरची नाडी मात्र बराच वेळ लागत राहते, म्हणून ‘नाडी लागत होती’ हा ठरलेला बचाव ऐकून मला वीट आला आहे. खरी खूण म्हणजे इंजेक्शनालाही न जुमानणारं दुखणं. पायाची बोटं हलकेच ताणली तरी रुग्ण ओरडतो. नर्सच्या चार्टवर रात्री ‘फार दुखते’ असं असेल, पुढे वेदनाशामकाची नोंद असेल आणि सकाळच्या राउंडपर्यंत डॉक्टर आल्याची नोंदच नसेल, तर केस तिथे आहे. संमतीपत्रावरच्या सहीला लोक उगाच भितात. ती सही ऑपरेशनला असते, हयगयीला नव्हे. केस पेपर मागितल्यापासून 72 तासांत द्यावेत असा वैद्यक परिषदेचा 2002 चा नियम आहे.

डॉक्टर म्हणतात, मधुमेही बोट काळं पडल्यावर येतो, हाड मोडलेला आधी गावात पट्ट्या बांधून घेतो, मग दोष आमच्याच माथी का? यात तथ्य आहे. उशीर रुग्णाचा असेल, तर तो हिशेबात धरावाच लागतो. उपचार फसला म्हणजे गुन्हा झाला असं नाही, हे जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सांगितलं. म्हणून आधी पोलीस ठाणं गाठू नये, असं माझं मत. पण रुग्ण घ्यायचा की नाही, कोणते उपचार करायचे आणि ते कसे करायचे, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने काळजी घ्यायची असते, हेही त्याच न्यायालयाने जोशी विरुद्ध गोडबोले खटल्यात 1968 मध्येच ठरवलं. पालशेतला मांडीचं हाड मोडलेला तरुण पुण्यात उपचारादरम्यान दगावला, त्याचा तो खटला. जिंतूर-गंगाखेडच्या लहान दवाखान्याने मोठी शस्त्रक्रिया करावी असं कुणी म्हणत नाही. प्लास्टर कापावं आणि वेळेत नांदेडला पाठवावं, एवढंच.

ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. दवाखाना पुण्याचा असला तरी राहत्या परभणीत तक्रार करता येते, आणि दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही; मागितलेल्या भरपाईवर ती ठरत नाही. सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध हा मार्ग 1995 च्या निकालाने बंद आहे, दिवाणी दावा उरतो. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 मध्ये शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहून बाई दगावली, तेव्हा शासन जबाबदार असल्याचं सर्वोच्च न्यायालयातून 1996 साली ठरलं. एवढ्या वर्षांचं समर्थन माझ्याकडे नाही. वकील परवडत नाही असे लोक मोफत वकिलासाठी लागेल म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यापायी तहसीलला चकरा मारतात. वास्तविक अपंग व्यक्तीला 1987 च्या कायद्याने उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा.