न बोलल्याची शिक्षा

गेल्या मार्गशीर्षांत माझी भाची चार दिवसांकरितां म्हणून आमच्याकडे आली, ती पंधरवडा उलटला तरी परत जाण्याचें नांव काढीना. लग्नाला पुरतें वर्षहि झालें नव्हतें. नवरा शिकलेला, मिळवता, सुपारीचेंहि व्यसन नाहीं. मग मुलगी अशी कोमेजली कां? एके रात्रीं निजानीज झाल्यावर ती माझ्यापाशीं येऊन बसली आणि पुष्कळ वेळानें हलक्या आवाजांत म्हणाली, "मावशी, ते रात्र रात्र मोबाइलवर नको तीं चित्रें पाहात बसतात. माझ्याकडे पाहातात, तेव्हांहि त्यांना मी दिसत नाहीं. त्या चित्रांतल्या बाईशीं माझी तुलना चाललेली असते."

तिला स्वयंपाकापासून बँकेच्या व्यवहारापर्यंत सारें शिकविणारी मी; पण त्या क्षणीं मला एक शब्द सुचला नाहीं.

पुढें ह्यांनीं जावयांना बोलावून घेतलें. उपदेश केला नाहीं; नुसतें विचारलें. मान खालीं घालून ते म्हणाले, "तेराव्या वर्षीं एका मित्राकडे पहिल्यांदा पाहिलें. घरांत याविषयीं कोणी कधीं अवाक्षर काढलें नाहीं. तेव्हां संसार म्हणजे हेंच, असें समजत गेलों."

तें ऐकून मला रघुनाथ धोंडो कर्वे आठवले. १९२७ सालीं मुंबईस 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून त्यांनीं स्त्रीपुरुषसंबंधांचें शास्त्रीय ज्ञान मराठींतून देण्यास आरंभ केला. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील असूनहि दंड टळला नाहीं. आमच्या आजोबांच्या घरीं त्या मासिकाचें नांव काढण्याचीहि चोरी होती, असें आई सांगे. ज्ञानाला अश्लील म्हणून आपण उंबऱ्याबाहेर ठेविलें. आणि खरें अश्लील मुलांच्या खिशांतून घरांत आलें.

तीं चित्रें बहुधा धंद्यासाठीं रचलेलीं असतात. कित्येक तर त्यांतील स्त्रीच्या संमतीवांचूनच घेतलेलीं. तेथें थकवा नाहीं, संकोच नाहीं, नकार नाहीं. ज्याची दृष्टि त्यांवर पोसली, त्याला घरच्या जिवंत माणसाचा साधा नकारहि अपमान वाटूं लागतो. आणि लपवाछपवी सुरू झाली, कीं पतिपत्नींमधला विश्वास वाळवी लागल्यासारखा आंतून पोखरला जातो.

भाची परत गेली आहे. दोघेंहि एका समुपदेशक बाईंकडे जातात. रात्रीं फोन स्वयंपाकघरांत ठेवितात. सारें सुरळीत झालें, असें मी म्हणणार नाहीं; गेलेला विश्वास एका दिवसांत परतत नाहीं.

माझ्या नातवाला यंदा तेरावें लागेल. त्याच्याशीं कोणीं बोलावयाचें, हा प्रश्न घरांत निघाला, तेव्हां सर्वांनीं एकमेकांकडे पाहिलें. शेवटीं तें काम मीं पत्करलें. संकोच मलाहि वाटतो. पण त्या संकोचाची किंमत कोणाला मोजावी लागते, हें त्या रात्रीं मीं पाहिलें आहे.