अबोल

आदिस अबाबाच्या वकिलातीत बदली झाली, तेव्हा आम्ही पक्के चहाभक्त होतो. घरमालकीणबाई हिरव्या बिया आमच्यासमोर भाजून, कुटून, जबेना नामक मातीच्या सुरईत कॉफी उकळीत. तीन पेले घेतल्यावाचून उठणे तेथे असभ्य. तरी एक औषधासारखा गिळून आम्ही कचेरीची सबब सांगत असू.

मग वडील गेल्याचा फोन आला. अंत्यदर्शनाला पोहोचणे अशक्य होते. बाईंनी काही न विचारता बिया भाजावयास घेतल्या. पहिल्या पेल्याला अम्हारिक भाषेत 'अबोल' म्हणतात. मराठी कानाला त्या दिवशी त्याचा निराळाच अर्थ लागला. मग 'तोना'. शेवटी 'बरका', म्हणजे आशीर्वाद. त्याच चोथ्यावरचा, फिकट. कचेरीची सबब सुचली नाही.

आता दिल्लीत चहावाला येतो, तेव्हा आमचा पेला पालथाच असतो.