कलप

मातोश्रींची तसबीर करावयाची म्हणून आम्ही आसनगाव स्थानकालगतच्या एका फोटोच्या दुकानात गेलो. त्यांचे बरे असे छायाचित्र एकच, धाकट्या बहिणीच्या लग्नातले. त्यात केस काळेभोर. पुढे आजारपणात कलप सुटला. नातवंडांना आजी ठाऊक आहे ती पांढऱ्या केसांची. तेव्हा केस तेवढे पांढरे करून द्यावेत, अशी आमची मागणी होती.

दुकानातील तरुण हसला. "काका, लोक काळे करून मागतात. ते सोपं असतं. पांढरे करणं अवघड."

पूर्वी छायाचित्रकार काचेच्या निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने सुरकुत्या बुजवीत. आता ते काम संगणकावर फोटोशॉपने होते. १९९४ पासून त्यात थरांची सोय आहे. मूळ चित्रास धक्का न लावता वर पारदर्शक थर चढवावा व त्यावर रंग द्यावा. केसांवरील उजेड आणि सावली खालून तशीच दिसते. परंतु गडद काळ्यात बटाच टिपल्या गेल्या नसतील, तर उजळून काय उमटणार? नुसती राख.

तशीच ती उमटली. मातोश्रींच्या मस्तकावर कोणी विभूती फासली आहे, असे वाटू लागले. आणि मग आम्हांस आठवले की, लग्नाच्या आदल्या रात्री तो कलप त्यांनी आमच्याकडूनच लावून घेतला होता. कानामागची जागा राहिली की काय, म्हणून दोनदा आरसा मागितला होता.

"वरचा थर काढा," आम्ही म्हणालो.

नातवंडे विचारतील, ही कोण? त्या रात्रीची हकीकत त्यांना सांगता येईल.