न मागितलेली गाणी

ज्या गाण्यांसाठी पैसे मोजले, त्यांतली बरीचशी आज मला धड आठवत नाहीत. आणि ज्यांच्यासाठी छदामही दिला नाही, जी ऐकायची असं कधी ठरवलंही नव्हतं, ती मात्र झोपेतून उठवलं तरी सुरात म्हणता येतात. ऐंशीच्या दशकात वाढलेल्या कुणालाही विचारून बघा. तुमचा आवडता पॉप गायक कोण, यावर तो जरा विचारात पडेल. 'महाभारत'चं शीर्षकगीत म्हणा म्हटलं, तर पहिल्या शब्दापासून सुरू होईल आणि आवरल्याशिवाय थांबणार नाही.

आमच्या घरात पॉप आणलं दादाने. मामाने मस्कतहून पाठवलेला टू-इन-वन घरात आला आणि त्याचा ताबा आपोआप दादाकडे गेला. दर आठवड्याला कापूस आणि कोलन वॉटर घेऊन तो त्याचं हेड पुसत बसे. तेवढ्या निगुतीने त्याने स्वतःचे दातही कधी घासले नसतील. लक्ष्मी रोडजवळच्या एका बोळात कॅसेट भरून देणारा दुकानदार होता. वहीच्या पानावर यादी लिहून न्यायची, साठची की नव्वदची ते सांगायचं आणि दोन दिवसांनी जायचं. यादीतली दोन गाणी तो परस्पर बदलायचा. "हे बाजूत बसत नव्हतं," एवढंच स्पष्टीकरण. बोनी एम, अ‍ॅबा, पुढे मायकेल जॅक्सन. शब्द आम्हाला निम्मेअधिक कळायचे नाहीत, पण बोळातून घरी येईपर्यंत पिशवीतली ती कॅसेट दिसेल अशी धरलेली असायची.

नाझिया हसन मात्र यादीवर भरून घेतलेली नव्हती, चांगली कव्हरसकट विकत आणलेली होती. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये राहणारी ही शाळकरी मुलगी 1980 साली 'कुर्बानी'तल्या एका गाण्याने एकदम घराघरांत गेली. चाल होती मूळच्या बंगळूरच्या आणि लंडनमध्ये नाव काढलेल्या बिद्दूची. त्या एका गाण्यावर तिने फिल्मफेअर मिळवलं. पुढच्याच वर्षी भाऊ झोहेबबरोबरचा 'डिस्को दीवाने' आला. वाड्यात त्यावर दोन तट पडले. आत्या गाणं शिकलेली. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "नाकात गाते, आणि षड्जावर क्षणभर उभी राहत नाही." दादा म्हणाला, "तिला उभं राहायचंच नाहीये." आता वाटतं, दोघंही बरोबर होते. शाळेच्या गॅदरिंगला आम्ही सॅटिनचे शर्ट घालून त्या गाण्यावर नाचलो. शर्ट टोचत होता, एवढं नक्की आठवतं.

नंतर गोव्याला गेलो असताना म्हापशाच्या बाजारात रेमो फर्नांडिसची कॅसेट मिळाली, 'गोवन क्रेझी'. शिवोलीच्या घरात बसून या माणसाने बहुतेक सगळी वाद्यं स्वतः वाजवून ती भरली आणि स्कूटरवरून दुकानांत नेऊन दिली, हे पुढे कळलं. दादाच्या साठ्यातलं आज मी आपणहून लावते ते एवढंच. कारण त्यात उसनं काही नाही, स्वतःच्या गावाची टर उडवणारा माणूस आहे. बाकीचं बरंचसं आम्ही ऐकलं ते आवडलं म्हणून कमी आणि आपण ते ऐकतो हे दिसावं म्हणून जास्त. निवडीत ऐट असते. ऐट गेली की तिच्याबरोबर गाणंही जातं. 2012 साली करण जोहरच्या सिनेमात नाझियाचा तोच आवाज नव्या ठेक्यावर बसवून आला, तेव्हा भाची सोफ्यावर उड्या मारत होती आणि मला फक्त सॅटिन टोचत होतं.

आता दुसऱ्या गाण्यांकडे वळते. ही आली सिंहगडावरून.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यातून ते पुण्यात दिसू लागलं. त्यामुळे आमच्या पेठांतल्या झाडून सगळ्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असत. वारा सुटला की तोंड फिरे, पडद्यावर मुंग्या येत. मग एकाने कौलांवर, एकाने चौकात आणि एकाने टीव्हीसमोर उभं राहून "आलं का? गेलं! हां, तिथेच धर!" असा तिपेडी संवाद चाले. टीव्ही वाड्यात एकच, घरमालकांकडे, लाकडी शटरचा. त्याला कुलूप होतं आणि किल्ली काकूंच्या कमरेला.

अशा वाड्यात शीर्षकगीताचं खरं काम हाक मारण्याचं होतं. मालिका सुरू होते त्या घटकेला निम्मे प्रेक्षक टीव्हीसमोर नसतच. कुणी मोरीत, कुणी माडीवर, कुणी तव्यावरची भाकरी सोडून येऊ न शकणारं. पुनःप्रक्षेपण नाही, रेकॉर्ड करायची सोय नाही, चुकलं ते चुकलं. त्यामुळे ते संगीत भिंतीपलीकडे ऐकू जायला हवं, दुसऱ्या कशाशी गल्लत होता कामा नये आणि गॅस बंद करून, हात पुसून, चपला काढून बसेपर्यंत पुरायला हवं. आज ती गाणी लांबलचक वाटतात, पण त्या लांबीत स्वयंपाकघर ते दिवाणखाना एवढं अंतर धरलेलं होतं. दूरदर्शनची स्वतःची धूनसुद्धा याच जातीची. पंडित रविशंकर आणि सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. तो डोळ्यासारखा आकार गरगरत जुळायला लागला आणि सनई उठली, की मागच्या वाड्यातली पोरंसुद्धा धावत सुटायची.

यातली सगळ्यात जास्त मुरलेली धून 'मालगुडी डेज'ची. शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे गावात ही मालिका चित्रित केली. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची चित्रं आणि एल. वैद्यनाथन यांचं संगीत. शीर्षकाला शब्द नाहीतच, नुसतं गुणगुणणं. मला वाटतं, म्हणूनच ते गाणं कन्नड राहिलं नाही की हिंदी झालं नाही, आमचंच झालं. आत्याने त्याचा राग शोधायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि भाजी निवडताना स्वतःच गुणगुणायला लागली. नाझियाला जे सर्टिफिकेट मिळालं नाही ते वैद्यनाथनना न मागता मिळालं.

दुसरं 'भारत एक खोज'. श्याम बेनेगलांची ही 53 भागांची मालिका 1988 साली आली. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त आधी संस्कृतात आणि मग हिंदीत, समूहस्वरात. हिंदी रूपांतर वसंत देवांचं, म्हणजे आपली मराठी नाटकं हिंदीत नेणाऱ्या आपल्याच माणसाचं. संगीत वनराज भाटियांचं. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून आलेल्या या माणसाने मुंबईत येऊन जाहिरातींच्या जिंगल्सचा ढीग घातला होता. लिरिल साबणाची धबधब्याखालची ती धून त्यांचीच. विश्व कुठून आलं कुणास ठाऊक, असं विचारणारं सूक्त आणि लिंबाच्या वासाचा साबण एकाच हातातून आले, हे मला फार उशिरा कळलं आणि अजिबात खटकलं नाही. चार शब्दांत माणसाला खुर्चीतून उठवायचं ही विद्या जाहिरातीत शिकावी लागते. ती तयारी नसती तर सृष्टीच्या आरंभाचं कोडं दहावीतल्या मुलांना पाठ झालं नसतं. आम्हाला झालं होतं. अर्थ विचारू नका.

'ये जो है जिंदगी'ला किशोरकुमार गायचा. 'महाभारत'ला पंडित नरेंद्र शर्मांचे शब्द आणि महेंद्र कपूर यांचा खडा आवाज होता, दोन वाडे ओलांडून येणारा. 'गोट्या' आली तेव्हा दशक संपत आलं होतं. तिचं शीर्षकगीत मधुकर आरकडे यांनी लिहिलं आणि अशोक पत्कींनी चाल लावली. मराठी मालिकांच्या गीतांत त्याच्या जवळपास जाणारं मला तरी दुसरं सापडत नाही. शाळेच्या बाकावर मुलं ते म्हणायची आणि बाई गप्प करायच्या नाहीत, यात सगळं आलं.

आणि 15 ऑगस्ट 1988 पासून 'मिले सुर मेरा तुम्हारा'. शब्द पीयूष पांडे यांचे, संगीतात लुई बँक्स आणि पुन्हा अशोक पत्की. सुरुवात भीमसेनांची, भैरवीतली. सवाई गंधर्वला रात्रभर सतरंजीवर बसून ज्यांना ऐकायचं, ते भीमसेन आता बातम्यांच्या आगेमागे केव्हाही भेटू लागले. आत्या हातातलं काम ठेवून ऐकायची. ते इतक्यांदा लागायचं की कुणाच्या मागून कोण येणार हे पोरं आधीच ओरडून सांगत.

ते दिवस सोन्याचे होते वगैरे मला अजिबात म्हणायचं नाही. एकच वाहिनी असणं ही सुखाची गोष्ट नव्हती. सरकारला दाखवावंसं वाटेल ते बघा, नाहीतर शटर ओढा. संध्याकाळ संध्याकाळ नीरस कार्यक्रम चालत आणि 'व्यत्यय' ही पाटी लागली की तीसुद्धा आम्ही एकटक बघत बसायचो, हे आठवणी काढणारे सोयीस्कर विसरतात. त्या काळचे सिंथेसायझर आणि ऑक्टोपॅडचे ढबढब आवाज आज ऐकवत नाहीत, मराठी सिनेमातलेही. पण निवड नव्हती म्हणून ऐट नव्हती आणि ऐट नव्हती म्हणून गाण्याला आत यायला अडसर नव्हता. ती आवडली का, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. ती ऐकली, पुन्हा ऐकली आणि ती राहायला आली.

यातलं बहुतेक काही दुकानात मिळायचं नाही. म्हणून दादाने एक उद्योग केला. टू-इन-वन उचलून घरमालकांकडे नेला, टीव्हीच्या स्पीकरला टेकवून ठेवला आणि सगळ्यांना दम भरला, "कुणी बोलायचं नाही." कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. विकतच्या कॅसेटवर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून तिच्या कडेचे चौकोनी दात मोडलेले असतात. ती भोकं त्याने चिकटपट्टीने बुजवली आणि नाझिया हसनवर टीव्ही भरायला घेतला. त्याच नाझियावर, जिच्यासाठी त्याने आत्याशी भांडण केलं होतं.

वाडा पाडायला दिला तेव्हा ती कॅसेट माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात निघाली. वर दादाचं अक्षर, 'टीव्ही मिक्स'. 'मालगुडी'ची धून सुरू होते, तोच काकू मागून म्हणतात, "अगं, दूध बघ!" कुणीतरी "शूऽऽ" करतं, पातेलं आपटतं, काकू पुन्हा, या वेळी हळू आवाजात, "गेलंच की." धून संपते. मग दादाने बटण दाबल्याचा खटका आणि त्याच्या पाठोपाठ, पुढचं रेकॉर्डिंग सुरू होईपर्यंतच्या फटीत, नाझिया अर्धा शब्द गाते आणि नाहीशी होते. यूट्यूबवर हीच धून स्वच्छ, विनाव्यत्यय मिळते. मला ती दुधाशिवाय अपुरी वाटते.

28 मार्च 2020 पासून टाळेबंदीत 'रामायण' आणि 'महाभारत' पुन्हा दाखवायला लागले. आमच्या सोसायटीत बऱ्याच घरांत ते लागत असणार, पण सरकत्या काचा बंद, त्यामुळे कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं. महेंद्र कपूर यांचा तो खडा आवाज आमच्या दिवाणखान्यापुरता राहिला. भाची आता मालिका सुरू झाली की 'स्किप इंट्रो' दाबते. तिचं काही चुकत नाही. तिला कुठून यायचंच नसतं, पडदा तिच्या हातातच आहे. मात्र तिच्या पन्नाशीत तिला कुठली धून अवचित आठवेल, हे मला सांगता येत नाही. कदाचित गेमची, कदाचित पैसे जमा झाल्याचं सांगणाऱ्या दुकानातल्या त्या डबीची. जे न विचारता कानावर पडतं तेच राहतं, या हिशेबाने डबीचा नंबर वरचा आहे.

तुमच्याकडे अशा घरी भरलेल्या कॅसेटी असतील तर या पावसाळ्याच्या आत माळ्यावरून काढा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच यंत्रात घालू नका, हेडला लागते आणि दुसरी कॅसेटही जाते. आधी साफ करून देणारा माणूस शोधा, असे कारागीर अजून आहेत. मग तिची डिजिटल प्रत करून घ्या. फक्त ती करणाऱ्याला बजावून सांगा की मागचे आवाज काढून टाकू नका. तो हौसेने काढून टाकतो.